लाल रेघ नसलेल्या बायका

आई,

आज आमच्या लॅबच्या रिपोर्टवर पहिल्यांदा मराठीत ओळ छापून आली. बाकी सगळं पूर्वीसारखंच इंग्रजीत, आकडे, रेंज, खाली सही, आणि रुबेलाच्या तपासणीखाली जाड अक्षरात, "तुम्हाला रुबेलापासून संरक्षण आहे. काळजीचं कारण नाही." ज्यांना संरक्षण नाही त्यांच्यासाठी वेगळी ओळ आहे, "तुम्हाला रुबेलापासून संरक्षण नाही. गरोदर असाल तर हा कागद आजच डॉक्टरांना दाखवा." एवढ्याशा वाक्यांसाठी मी तीन वर्षं मागे लागले होते. कॉम्प्युटर बघणारे म्हणायचे, "ताई, सॉफ्टवेअरमध्ये मराठी बसत नाही हो." आता लॅब चालवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, मराठी ओळ टाकली की रिपोर्ट दुसऱ्या पानावर जातो. शेवटी बसलं. प्रिंटरमधून निघालेला पहिला कागद मी हातात घेतला, आता हा कोणाला दाखवू असं मनात आलं, आणि तूच डोळ्यांसमोर आलीस. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. मला लिहायची सवय नाही हे तू जाणतेस. शाळेत असताना मामाला चार ओळी लिहायच्या तरी तू शेजारी बसून सांगायचीस. आज सांगायला कोणी नाही, त्यामुळे जसं आठवेल तसं लिहिते.

गोष्ट सुरू झाली तेव्हा मला लॅबमध्ये लागून दीड वर्ष झालं होतं. नौपाड्यातली दोन खोल्यांची लॅब, पण कळव्यापासून वागळे इस्टेटपर्यंतची आणि इकडे डोंबिवलीचीसुद्धा सॅम्पलं तिथे यायची. टाइप केलेले रिपोर्ट समोर आले की नॉर्मल रेंजच्या बाहेरचा प्रत्येक आकडा लाल पेनने अधोरेखित करायचा, हे माझं काम. लॅबच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डॉक्टरांना वेळ नसतो, त्यांची नजर रेघेवर जाते. मी पट्टी लावून रेघ मारायचे. माझ्या रेघा सरळ असतात म्हणून सरांनी एकदा सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं, आणि मी घरी येऊन ते तुला सांगितलंही होतं.

एका संध्याकाळी तू कळव्याच्या प्रसूतिगृहातली ड्यूटी संपवून आलेली, साडी बदललेली, स्वयंपाकघरात पाटावर वाल सोलत बसलेली आहेस. मी हातपाय धुऊन समोर बसते आणि मूठभर वाल माझ्याकडे ओढून घेते. तू ओले हात पदराला पुसतेस आणि पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवतेस.

"हा तुमच्या लॅबचा?"

"हो."

"ही रेघ कोणी मारली?"

"मी."

"का?"

"रेंजच्या बाहेर आहे ना. नियम आहे तो."

"नियम राहू दे. अर्थ काय याचा?"

मी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं. रुबेलाची आयजीजी तपासणी पॉझिटिव्ह, म्हणजे हिला लहानपणी कधीतरी रुबेला होऊन गेलाय, नाहीतर लस मिळालीय. अंगात संरक्षण आहे. ताजी लागण बघायची तपासणी वेगळी, आयजीएम, ती खाली निगेटिव्ह दिसतेय.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"मग चांगल्याखाली लाल रेघ मारतेस तू?" तुझा आवाज चढला नव्हता. "सकाळी ही आली. तिसरा महिना. बरोबर नवरा, सासू आणि कपड्यांची पिशवी. सिस्टर, पाडायचंय, आजच करा म्हणे. शेजारच्या कोणा शहाण्याने कागद वाचून दाखवला, रुबेला पॉझिटिव्ह, मूल आंधळं नाहीतर बहिरं होणार. पोरगी तीन दिवस धड जेवलेली नाही. ही लाल रेघ बघितली सगळ्यांनी. खालचं निगेटिव्ह कोणी वाचलंच नाही, कारण त्याला रेघ नाही."

तू डॉक्टरांना बोलावून तिघांना समजावलं होतंस, ती पोरगी घरी गेली होती, हे तू नंतर सांगितलंस. पण तेव्हा मी वाल सोलायचे थांबले होते. तू पुन्हा सोलायला लागलीस, आणि दोनचार वाल झाल्यावर, जरा वेगळ्या आवाजात विचारलंस, "आणि जिला संरक्षण नसतं, तिच्या कागदावर काय करतेस?"

"काही नाही. तो आकडा रेंजमध्येच येतो. रेघ लागत नाही."

तुझे हात थांबले. "म्हणजे जिला खरा धोका आहे ती कोरा कागद घेऊन घरी जाते. सगळं छान आहे म्हणून."

इतकी वर्षं झाली, लॅबमध्ये किती मोठी मशीन आली, किती शिकलेली माणसं आली. ही गोष्ट तुझ्याआधी कोणाच्या लक्षात आल्याचं मी ऐकलेलं नाही. रोज पट्टी लावून त्या रेघा मारणाऱ्या मला ती दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दीड महिन्याचं रजिस्टर काढलं. गरोदर आणि संरक्षण नाही अशा दोघी निघाल्या. एक वागळे इस्टेटमधली, एक डोंबिवलीची, आपल्या घरापासून चार इमारती पुढे. सरांना विचारलं तर ते म्हणाले, रिपोर्ट डॉक्टरांसाठी असतो, पेशंटशी आपण बोलायचं नाही. तुला सांगितल्यावर तू चिडली नाहीस. म्हणालीस, "बरोबर आहे त्यांचं. आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन कर." केले. एक गावाला गेले होते, एकांच्या कंपाउंडरने निरोप देतो म्हटलं आणि दिला नाही. शुक्रवारी तू म्हणालीस, "मी सिस्टर आहे. पोटुशी बाईच्या घरी जाणं माझ्या कामात बसतं. रविवारी तू नुसती बरोबर चल." बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "जनगणनेला निघालात काय दोघी?"

रिक्षात तू मला ती गोष्ट सांगितलीस, जी तू आधी कधी सांगितली नव्हतीस आणि नंतरही नाही. तुझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. एक मुलगी जन्मली, वजनाने अगदी कमी, आणि डोळे उघडले तर दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी. तिच्या आईला डॉक्टरांनी विचारलं, दिवस गेल्यावर काही झालं होतं का? ती म्हणाली, काही नाही, थोडं पुरळ आलं होतं, तीन दिवसांत गेलं. "त्या बाईला मी रोज बाळ पाजायला नेऊन द्यायचे," तू म्हणालीस, "आणि ती रोज मला विचारायची, सिस्टर, त्या तीन दिवसांत मी काय करायला हवं होतं?"  मग रिक्षावाल्याला पत्ता दोनदा नीट सांगितलास.

वागळे इस्टेटमध्ये रविवार असल्याने कारखाने बंद. एका वर्कशॉपच्या मागे खोल्यांची ओळ, शेवटची खोली. दारात साठीची बाई तांदूळ निवडत बसलेली.

"कोण पाहिजे?"

"मी प्रसूतिगृहातली सिस्टर. ही माझी मुलगी, लॅबमध्ये असते. सूनबाईंच्या रक्ताबद्दल बोलायचं होतं."

तिने आधी आम्हाला आत घेतलं आणि दार लोटलं. "हळू बोला हो. आमच्यात तीन महिने झाल्याशिवाय बाहेर सांगत नाहीत. तुम्हाला कळलं म्हणजे अर्ध्या ठाण्याला कळलं असणार."

"आम्हा दोघींनाच कळलंय. आणि आम्ही डोंबिवलीच्या."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. सून चहा ठेवता ठेवता माझ्याकडे वळून म्हणाली, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना ताई? मी नीट बघितलं. कुठेच लाल नाही."  तूच बोललीस. रुबेला म्हणजे काय ते तू त्या दोघींना जसं सांगितलंस तसं मी अजून कोणाला सांगताना ऐकलेलं नाही. गोवराचा लहान भाऊ समजा, म्हणालीस. बारीक पुरळ, थोडा ताप, मानेमागे गाठी. पोरं तीन दिवसांत खेळायला लागतात. पण पोटातल्या बाळाला पहिल्या तीन महिन्यांत लागला तर डोळे, कान, हृदय, कशावरही बसतो. ज्यांना संरक्षण आहे त्यांना भीती नाही. "तुला ते नाही. यात तुझी काही चूक नाही. बाळंतपण झाल्यावर लस घ्यायची, आत्ता देता येत नाही. आत्ता फक्त पुरळ आलेल्या मुलांपासून लांब राहायचं. तू काम काय करतेस?"

"बालवाडीत शिकवते."

"किती मुलं?"

"चाळीस."

"कोणाला पुरळ आलंय?"

"शुक्रवारी दोघं आली होती तशी. एकाला तर मी मांडीवर घेऊन बसले होते, रडत होता. घामोळं असेल म्हणून पावडर लावली."

तू कप खाली ठेवलास. "उद्यापासून जायचं नाही."

"मोठ्या बाईंना काय सांगू? कारण सांगितलं की सगळ्यांना कळणार."

"नाही, नाही," सासू मध्ये पडली. "मागचं असंच गेलं. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना सांगून बसलो आणि आठ दिवसांत गेलं. दृष्ट लागते. आता मी कोणाला कळू देणार नाही."

मला वाटलं, आता तू तिला समजावशील की दृष्ट वगैरे काही नसतं. मी असते तर तेच केलं असतं, आणि त्या बाईने आम्हाला चहा संपायच्या आत वाटेला लावलं असतं. तू मान डोलावलीस. म्हणालीस, "लपवा ना. मी कुठे नको म्हणते? मोठ्या माणसांपासून लपवताच आहात, तसं दोन महिने त्या पोरांपासून पण लपवा."

 सासू तांदळाचं ताट बाजूला सारून म्हणाली, "पाठीत चमक भरली म्हणून सांगू. उठता येत नाही म्हणून."

"बदली माणूस दिल्याशिवाय सुट्टी देत नाहीत, आई," सून म्हणाली.

"मी जाते की."

"तुम्ही? तिथे गाणी म्हणावी लागतात, हातवारे करून."

"मग तुझ्या नवऱ्याला लहानपणी कोणी म्हटली? रेडिओने?"

तू तिथेच सासूचंही रक्त घ्यायला लावलंस, तिनेच बालवाडीतून रुबेला घरी आणायला नको म्हणून. माझ्या पिशवीत सुई आणि बाटल्या होत्या, कारण निघताना तू त्या ठेवायला सांगितल्या होत्यास. का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. सोमवारी सासूबाईंचा आकडा इतका वर आला की मी मशीन पुन्हा तपासलं. निरोप मिळाल्यावर ती म्हणे आनंदाने साऱ्या ओळीला सांगत सुटली, "माझं रक्त पक्कं आहे, लॅबने लिहून दिलंय." कशाबद्दल पक्कं ते मात्र सांगितलं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे तुला आठवतात का? शुक्रवारी त्या मुलाला मांडीवर घेतलं होतं, ते तर होऊन गेलं होतं. लागण झाली असेल तर पुरळ यायला दोन ते तीन आठवडे. रोज सकाळी खिडकीशी उभं करून सासू सुनेची मान आणि पाठ तपासायची, अंघोळ करून मग बालवाडीत जायची, परत आली की पुन्हा अंघोळ. बालवाडीतल्या निम्म्या मुलांना तोवर पुरळ येऊन गेलं होतं. तू रोज घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मला विचारायचीस, "काही निरोप?" मी नाही म्हणायचे. तू बरं म्हणायचीस. तीन आठवड्यांनी सुनेचं रक्त पुन्हा आलं. त्या दिवशी मी कोणाला त्या मशीनजवळ येऊ दिलं नाही. ताजी लागण नाही. जुनं संरक्षण नाही. दोन्ही निगेटिव्ह, कोरा कागद. मी दोनदा लावून बघितलं, आणि तुझ्या प्रसूतिगृहाच्या ऑफिसात फोन केला. फोन उचलणाऱ्या मावशींनी तुला हाक मारली, तुझ्या चपलांचा आवाज ऐकू आला, मी म्हटलं, "आई, काही नाही." तू म्हणालीस, "काही नाही म्हणजे नीट सांग." मी नीट सांगितलं.  मग तू म्हणालीस, "आणखी तीन आठवड्यांनी परत घे," आणि फोन ठेवलास. तेव्हाही कोराच आला.

पुन्हा पुन्हा तेच नाव बघून सरांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते खूप रागावले. "रजिस्टरमधला पत्ता घेऊन तुम्ही पेशंटच्या घरी गेलात?"

"आई सिस्टर आहे, सर."

"आई सिस्टर आहे. तुम्ही नाही." मी खाली मान घालून उभी. आता नोकरी गेली असं धरून चालले होते. ते आत गेले, परत आले. "यापुढे रुबेलाला लाल रेघ मारायची नाही. आणि गरोदर बाईचं निगेटिव्ह आलं की त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन. डॉक्टर मिळेपर्यंत. तुम्हीच करायचा." तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "शहाणा माणूस आहे," आणि त्या दिवशी शिरा केलास.

त्या सुनेला मुलगी झाली. आपण दोघी बघायला गेलो. तू बाळाच्या डोळ्यांत छोटी टॉर्च धरून बघितलंस, काळीभोर बुबुळं. मग त्याच्या डोक्यामागे जाऊन वाटीवर चमचा वाजवलास. ते एवढं दचकलं की दोन्ही हात वर करून रडायला लागलं. सासू खवळली, "आत्ता झोपवलं होतं हो सिस्टर! काय तुमचं हे!" आणि तू हसायला लागलीस. मी तुला तसं हसताना फार कमी वेळा बघितलंय. मग डोळे पुसून तू सुनेला दंडाला धरून लस घ्यायला घेऊन गेलीस. त्या वॉर्डात कोणालाच माहीत नव्हतं तू काय केलंयस ते. मला माहीत होतं. मला वाटत होतं, सगळ्या खाटांजवळ जाऊन सांगावं की ही माझी आई आहे.

आता पुष्कळ बदललं. बाळांना गोवराबरोबर रुबेलाची लस मिळते, शाळांतून मोहीम झाली. घोडबंदर रोडच्या आमच्या नव्या सेंटरवर येणाऱ्या मुली रिपोर्ट हातात पडायच्या आधी मोबाइलवर वाचतात. मागच्याच महिन्यात एकीचा रडत फोन आला, पॉझिटिव्ह बॅड असतं ना? कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही, आकडा ठळक करतो, तेवढाच फरक. तो फोन ठेवला आणि मी पुन्हा मॅडमच्या केबिनमध्ये गेले. आजची ओळ त्यातून आली. कोणी विचारलं, ही कल्पना कोणाची, तर मी तुझं नाव सांगते.

पण एक राहिलंय. वागळे इस्टेटहून परत येताना तू म्हणालीस, "डोंबिवलीतली तू सांग. एकटी जा." सोमवारी लॅबमधून सुटल्यावर मी गेले. तिसरा मजला, दाराबाहेर पंधरावीस चपला, आत पाहुणे, हसणं. एका माणसाने दार उघडलं, कोण पाहिजे? इतक्या लोकांत तिचं नाव घेऊन काय सांगायचं, मला सुचेना. बाजूला बोलावून घेता आलं असतं, तू घेतलं असतंस. मी म्हटलं, चुकले, वरच्या मजल्यावर जायचंय. आणि खरंच एक मजला वर चढले, गच्चीच्या दाराशी उभी राहिले आणि खाली उतरून घरी आले. तू पानं घेत होतीस. "सांगितलंस?" मी हो म्हटलं. "काय म्हणाली?" "बरं म्हणाली." तू कौतुक करणाऱ्यातली नव्हतीस. पण त्या दिवशी भाकरी वाढता वाढता बाबांना म्हणालीस, "आता हिची मला काळजी नाही." दुसऱ्या दिवशी तू ते प्रसूतिगृहातही सांगितलंस, तिथल्या एका सिस्टर मला रस्त्यात भेटल्या तेव्हा शाबास म्हणाल्या.

मी गुरुवारी सकाळी पुन्हा गेले. ती एकटी होती. सगळं सांगितलं, तुझेच शब्द वापरून. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं, दोनदा विचारून सगळं लिहून घेतलं. तिचं बाळंतपण नीट झालं, बाळ चांगलं निघालं. मधल्या तीन दिवसांत पुरळ आलेलं एखादं मूल तिच्या मांडीवर बसलं नाही, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

लॅबमधल्या मुली म्हणतात, निगेटिव्ह आलं की ताई जेवता जेवता डबा बंद करून फोन लावतात, आईचं वळण आहे. मी हो म्हणते. वळण तुझंच आहे. पण घास टाकून उठते ती त्या तीन दिवसांमुळे. हे तुला वाचायला मिळणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. शेवटच्या आजारपणात मी तुझ्या खाटेशी बसलेली असायचे तेव्हा कितीदा सांगायचं ठरवलं होतं. एकदा तूच विचारलंस, "कसला विचार करतेस गं?" मी म्हटलं, काही नाही. आणि तू, नीट सांग, असं त्या वेळी म्हणाली नाहीस.